आजोबांनी कुठल्या कुशीवर झोपावं?

मी एकदा मनावर घेतलं ना, की कुलपाच्या किल्लीलासुद्धा फॉलोअर्स मिळवून देऊ शकते! ही बढाई नाही, अनुभव आहे. लग्नाआधी मी एका नळाच्या कंपनीचं पेज सांभाळत होते. आता नळात बघण्यासारखं काय असतं? पण मी एका गळक्या नळाचा व्हिडिओ असा काही टाकला, की लोक कामधंदे सोडून थेंब बघत बसले. कंपनीने नंतर मला काढून टाकलं, ही गोष्ट वेगळी. त्यांचं म्हणणं होतं की आमचे नळ गळत नाहीत. पण व्हिडिओ चालला की नाही?

त्यामुळे सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान बंद करायची भाषा घरात सुरू झाली, तेव्हा मी जेवता जेवता जाहीर केलं, "काही बंद होत नाही! महिनाभर दुकान माझ्या हातात द्या."

"दुकान?" नवरा दचकला.

"म्हणजे दुकानाचं सोशल मीडिया."

"हां, ते घे," असं म्हणून तो पुन्हा जेवू लागला. सासरे ताटातला भात चिवडत होते. त्यांचे डोळे लाल होते आणि खाली काळी वर्तुळं होती. कित्येक महिने ते तसेच होते.

इथे आमच्या बाबांविषयी थोडं सांगायला हवं. बाबा म्हणजे माझे सासरे. गादी ते स्वतः शिवतात. मागच्या खोलीत कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, हातभर लांबीच्या सुईने टाके घालायचे. आणि गादी तयार झाली की दुकानाच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी दिवाणावर ती पसरून, शटर अर्धं खाली ओढून, दुपारभर तिच्यावर स्वतः झोपायचं. "मी न झोपलेली गादी मी विकत नाही," हा त्यांचा नियम. उठल्यावर ते निकालही सांगतात. "ही पाठीवर झोपणाऱ्यांची आहे." "ही चिडक्या माणसाला द्या, उतरेल त्याचा राग." गिऱ्हाईक हसतं, पण तीच गादी घेऊन जातं.

गंमत अशी, की बाबांना घरच्या पलंगावर झोप येतच नाही. आयुष्यभर झोप म्हणजे काम अशी सवय लागलेली! घरच्या गादीत तपासायचं काय? म्हणून ते रात्रभर छताकडे बघत पडतात आणि सगळी झोप दुपारी दुकानात काढतात. पण हल्ली लोक घरबसल्या गाद्या मागवू लागले. खोक्यात गुंडाळलेली गादी येते, दोरी कापली की फुगते. बाबांकडे मागणी नाही, म्हणून नवी गादी नाही, आणि नवी गादी नाही म्हणून झोप नाही! मी एकदा म्हटलंही, "बाबा, जुन्याच एखाद्या गादीवर पडा की दुपारी." तर ते रागावलेच. "काम नसताना दुकानात झोपू? मला काय आळशी समजलीस?"

तेव्हा प्रश्न नुसता दुकानाचा नव्हता. शेजारच्या चष्मेवाल्याला मधली भिंत पाडून आपलं दुकान वाढवायचं होतं. त्याने महिनाअखेरपर्यंत उत्तर मागितलं होतं. दुकान गेलं असतं तर बाबांची झोप कायमची गेली असती. हे मला खरंच बघवत नव्हतं. माणूस माझा सासरा असला तरी मला फार आवडतो.

झालं! मी पेज काढलं. पहिल्या व्हिडिओत बाबांना बोलायला उभं केलं. एरवी गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारणारा हा माणूस फोन समोर धरताच साक्षीला उभं केल्यासारखा ताठ झाला. "मी गाद्या शिवतो. कापूस चांगला असतो. हे खरं आहे," एवढं बोलून थांबला. पाहणारे सगळे घरचेच. त्यातही कमेंट करणाऱ्या एकट्या आत्या.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. त्यांना कमेंट आणि फोन यांतला फरक कळत नाही. किंवा कळतो, पण पटत नाही. उशांच्या व्हिडिओखाली त्यांनी सगळ्या जगासमोर लिहिलं, 'दादा, गुडघा कसा आहे? सूनबाई वाळलेली दिसते. माझा डबा परत पाठवा.'

मी खचले नाही. मी दिवाणावर आडवी होऊन विचार करू लागले. शटरखालून उन्हाची एक तिरपी पट्टी आत येत होती आणि कापसाचे बारीक तंतू तिच्यात सावकाश तरंगत होते. पंखा आपल्याच तंद्रीत फिरत होता. बघता बघता मला वाटलं, हे तंतू म्हणजेच आपले फॉलोअर्स. कुठून कुठून येतायत, हलकेच उतरतायत, दुकान भरून जातंय. मला एकदम सुचलं. बोलायचं नाही, दाखवायचं! नवी गादी, अर्धं शटर, ही दुपार आणि बाबांची तपासणी. तीही लाइव्ह!

"बाबा, एक नवी गादी शिवा," मी म्हटलं.

"कोणासाठी?"

"पेजसाठी."

पेज कुठल्या कुशीवर झोपतं, असं विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं, पण शिवायला मिळतंय म्हणून ते तडक कापूस पिंजायला गेले.

ठरलेल्या दुपारी मी फोन स्टँडवर लावला. मध्ये कोणाचा फोन येऊन व्यत्यय नको, म्हणून सगळे कॉल बंद केले. या हुशारीवरून पुढे बरीच बोलणी खाल्ली आहेत. बाबांनी चप्पल काढली, गादीवर हात फिरवला, आडवे झाले आणि त्यांच्या तोंडून एक लांबच लांब सुस्कारा निघाला. किती महिन्यांनी पाठ टेकत होता हा माणूस! क्षणात ते झोपले. मी बाजूच्या गाद्यांच्या ढिगावर बसून दबक्या आवाजात माहिती सांगू लागले. "बघा, कापूस कसा श्वास घेतोय... बघा, पाठ कशी सरळ... बघा..."

आदल्या रात्री मी या लाइव्हची जाहिरात बनवत जागले होते. तिसऱ्या 'बघा' नंतर मला काहीही दिसलेलं नाही.

स्वप्न मात्र सुरेख पडलं. एक मोठं सभागृह, सगळ्या खुर्च्यांच्या जागी गाद्या, त्यांवर पायघोळ कपडे घालून बसलेले माझे हजारो फॉलोअर्स. मी पांढऱ्याशुभ्र जिन्यावरून तरंगत चालले आहे आणि लोक टाळ्या वाजवतायत. इतक्या जोरात, की शेवटी मी म्हटलं, "पुरे आता, किती कौतुक कराल!"

त्या टाळ्या नव्हत्या. आत्या शटर बडवत होत्या.

मधल्या वेळात जे घडलं ते मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं. आधी बराच वेळ काहीच नाही. बाबा घोरतायत, मी ढिगावरून हळूहळू घसरतेय. मग आत्यांची कमेंट. 'सूनबाई, माहिती थांबली का?' मग, 'सूनबाई!' मग, 'दादा हलत का नाही?' मग, 'दोघंही पडलेत! कोणीतरी बघा हो!' त्यांनी मला फोन केला. माझ्या हुशारीमुळे तो लागला नाही. बाबांचा फोन नेहमीप्रमाणे घरीच होता. माझा नवरा मीटिंगमध्ये होता. तेव्हा आत्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याला फोन लावला आणि स्वतः घराबाहेर पडल्या.

चष्मेवाला शटरखालून वाकून आत आला. आम्हाला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुकान यालाच हवं होतं ना! आता लोक काय म्हणतील? तो तसाच धावत गेला आणि समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरांना अक्षरशः ओढत घेऊन आला.

"डॉक्टर, मी हात लावलेला नाही! मी आलो तेव्हा दोघं असेच होते!"

डॉक्टरांनी बाबांची नाडी पाहिली. माझी पाहिली. पुन्हा बाबांची पाहिली.

"काय झालंय?" चष्मेवाल्याने घाबरत विचारलं.

"झोपलेत," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात निव्वळ हेवा होता. "अशी झोप मी पुस्तकात वाचली होती."

मग ते "दोन मिनिटं टेकतो हं, रात्रभर पेशंट होते," असं म्हणून कोपऱ्यातल्या गादीवर बसले. बसले ते कलंडले. चष्मेवाला एकटाच उभा. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि तोही पसरला.

एव्हाना ही बातमी फोनाफोनी पसरली होती. लोक भराभर लाइव्हवर येत होते. सुरुवातीला चर्चा, वाद, पैजा. 'बेशुद्ध आहेत.' 'नाही, घोरतायत.' 'डॉक्टरपण गेले!' मग हळूहळू कमेंट विरळ होत गेल्या. शब्द अर्धवट राहू लागले. 'किती छान वाटतंय हे बघ...' एवढं लिहून एक बाई जी थांबली ती थांबलीच. शेवटी पडदाभर शांतता. फक्त पंखा, बाबांचं संथ घोरणं आणि तरंगणारा कापूस. लोक निघून गेले नव्हते. जिथे होते तिथे झोपले होते!

आणि अशा वेळी आत्या पोचल्या. वाकून शटरखालून येणं गुडघ्यांमुळे शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ते बडवलं, मग वर ढकललं. समोर चार माणसं आडवी! त्यांनी बाबांच्या नावाने असा हंबरडा फोडला, की माझा पांढराशुभ्र जिना पायाखालून निसटला आणि मी जमिनीवर येऊन पडले.

"अगं, तू जिवंत आहेस?" आत्या ओरडल्या.

"हो... म्हणजे काय?"

"आणि दादा?"

बाबा जागचे हलले नव्हते. फक्त घोरण्याचा सूर किंचित बदलला. आत्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्या आणखी मोठ्याने रडू लागल्या. मी फोनकडे धावले. पडद्यावर एवढा मोठा आकडा होता, की मला वाटलं कोणाचा तरी फोन येतोय! तो बघणाऱ्यांचा आकडा होता. आणि खाली आता कमेंटचा नुसता पाऊस. 'त्या बाईंना बाहेर काढा!' 'हळू बोला, आजोबा उठतील!' 'बाळ आत्ताच झोपलं होतं आमचं!' आत्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत्या आवाजात मला म्हणाल्या, "ही कोण माणसं आहेत गं? आपल्या दादाची किती काळजी आहे त्यांना!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी. पेजवर एकच प्रश्न. 'आजोबा कधी झोपणार?' मी लगेच जाहीर केलं, रोज दुपारी लाइव्ह!

"पण नवी गादी कुठाय?" बाबांनी विचारलं.

"कालचीच आहे की, बाबा."

"ती पास झालीये. तिच्यावर आता काय झोपायचं?"

"बाबा, दुकानासाठी!"

दुकानासाठी म्हटल्यावर ते काहीही करतील. दुपारी इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून ते आडवे झाले आणि डोळे गच्च मिटले. लहान मुलाने झोपेचं सोंग करावं तसं. लोकांना काही फरक पडला नाही, ते बघता बघता झोपले. पण माझ्यातली तज्ज्ञ काही झोपेना! नुसतं बघून काय होतं, लोकांचा सहभाग वाढवायला हवा. मी मतदान ठेवलं. 'आजोबांनी कुठल्या कुशीवर झोपावं?' लोक तुटून पडले. मी कॅमेऱ्याच्या मागून हळूच म्हणाले, "बाबा, डावीकडे वळा. बहुमत डाव्या कुशीचं आहे."

"मला डावीकडे झोपल्यावर छातीत दडपतं गं," ते डोळे न उघडता म्हणाले. पण वळले.

उशी कुठली, चादर कुठली, पंखा किती वर, सगळ्यावर मतदान. आकडे चढत होते. मी संध्याकाळी घरी आले की नवऱ्याला आलेख दाखवत असे. तो एकदाच म्हणाला, "छान आहे. गाद्या किती विकल्या?"

गाद्या! हो, ते राहिलंच. दुकानात लोक येत होते खरे. दिवाणासोबत फोटो काढत, गादी दाबून बघत, "आजोबा, तुम्ही आम्हाला झोप दिलीत!" म्हणत बाबांचे हात हातात घेत आणि निघून जात. मी एका गृहस्थांना सरळच विचारलं, "मग गादी नाही घेत?"

"आता कशाला?" ते प्रसन्नपणे म्हणाले. "आमची गादी पार चपटी झालीये हो, नवी घेणारच होतो. पण तुमचं लाइव्ह लावलं की तिच्यावरही अशी गाढ झोप लागते! तुमचे फार उपकार आहेत."

मी पेज उघडून कमेंट वाचल्या. सगळ्यांचं हेच चाललं होतं! लाकडी बाकावर, कचेरीतल्या खुर्चीवर, कुठेही झोपत होते लोक. गादीची गरजच मी संपवून टाकली होती.

त्या दिवशी लाइव्ह संपलं तरी बाबा दिवाणाच्या कडेवर बसून होते. भांग तसाच, सदऱ्याला एक सुरकुती नाही. डोळे आधीपेक्षा लाल. आठवडाभरात ते ना घरी झोपले होते, ना दुकानात.

"सूनबाई, लोक झोपले का?"

"झोपले, बाबा. सगळे."

"बरं झालं," ते म्हणाले आणि डोळे चोळत राहिले.

मला रडूच कोसळलं. ज्यांच्या झोपेसाठी हा सगळा खटाटोप मांडला, त्यांनाच मी सगळ्या जगाच्या समोर जागं ठेवलं होतं, तेही डाव्या कुशीवर! मी तिथेच फोन काढला आणि लिहिलं, 'उद्यापासून लाइव्ह बंद. आमच्या बाबांना झोपायचं आहे.' ते सगळे तंतू एका फुंकरीने उडून जाणार, हे मला दिसत होतं. जाऊ देत, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेजवर हाहाकार! 'आम्ही झोपायचं कसं?' 'जुनं रेकॉर्डिंग तरी ठेवा!' मी जुनंही काढून टाकलं होतं. आत्यांनी एकेकाला उत्तर दिलं, 'दादा थकला आहे. तुम्ही दूध पिऊन झोपा.' कोणी रागावलं, कोणी विनवण्या केल्या. आणि मग त्या सगळ्या गलक्यात एकाने लिहिलं, 'बरं, आजोबा नाहीत तर नाहीत. निदान ते झोपतात तशी गादी तरी द्या.'

त्याखाली दुसऱ्याने. मग तिसऱ्याने. मग इतक्या जणांनी, की मला मोजायचं भानच राहिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी चष्मेवाला आला. दाढी वाढलेली, चष्मा तिरका. मला वाटलं, दुकानाचं उत्तर मागायला आलाय. महिना संपतच आला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमचं लाइव्ह बंद झाल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. एक गादी करा. आणि काकांना म्हणावं, ती भिंत आहे तशीच राहू द्या. काका पुन्हा झोपू लागले, की दुपारी भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू येईल, गादी मिळेपर्यंत तेवढ्यावर कसाबसा निभावेन मी."

बाबांनी टेप घेऊन त्याचं माप घेतलं. कुठल्या कुशीवर झोपता, विचारलं. हात कापसात गेले आणि चेहराच उजळला. पहिली गादी तयार झाली त्या दुपारी ते शटर अर्धं ओढून जे झोपले, ते आजतागायत रोज झोपतात. मागण्या इतक्या आहेत, की लोकांना थांबावं लागतं. काय करणार? प्रत्येक गादी तपासायची असते आणि दिवसाला दुपार एकच असते.

परवा मी गल्ल्यावर बसून आत्यांना आणि नवऱ्याला समजावत होते की हे सगळं कसं माझ्या योजनेनुसारच झालं. आधी सवय लावायची, मग तुटवडा निर्माण करायचा! मोठमोठ्या कंपन्या हेच करतात! नवरा उशीच्या खोळी घालत मान हलवत होता. तेवढ्यात दिवाणावरून बाबांचा झोपाळलेला आवाज आला.

"सूनबाईचं खरं आहे हो. तिच्या त्या पेजमुळेच आपला धंदा वाढला."

मी ताठ बसले. "ऐकलंत ना, आत्या? बाबा, जरा मोठ्याने सांगा ना. नेमकं कशामुळे वाढला?"

"तू ते बंद केलंस ना," बाबा म्हणाले, "त्यामुळे."

आणि लगेच घोरायलासुद्धा लागले. हा अभिप्राय पेजवर कसा टाकायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.